ज्ञानकोशातील विधानाला आधार हवा

आपल्या गावाचा इतिहास काय, गावच्या नदीचा उगम कोठे, किल्ला कोणी व केव्हा बांधला, असा प्रश्न पडला की पूर्वी माणसे गावातील वृद्धांना विचारीत, शाळेतील गुरुजींकडे जात किंवा तालुक्याच्या वाचनालयातील ग्रंथ उघडीत. आज हाच प्रश्न प्रथम भ्रमणध्वनीला विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातून मिळते. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून चालू आहे. तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. एवढेच नव्हे, तर त्यातील लेख कोणालाही लिहिता व दुरुस्त करता येतात.

ही दुसरी गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. ज्ञानकोशात जे छापले ते विद्वानांनी तपासलेलेच असणार, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा ग्रंथांच्या बाबतीत ती समजूत योग्यही होती. तेथे प्रत्येक नोंदीमागे संपादक मंडळ उभे असते. मुक्त ज्ञानकोशात असे मंडळ नसते. तेथे लेखकाचे नाव वाचकाला सांगत नाही की मजकूर विश्वसनीय आहे. ते काम लेखातील संदर्भांनी करावयाचे असते. म्हणून ज्या विधानाला संदर्भ नाही त्याची स्थिती तारण नसलेल्या कर्जासारखी असते. ते खरे असेलही, परंतु खात्री कोणी द्यावयाची?

असे लेख सुधारावयाचे कसे, संदर्भ म्हणजे नेमके काय, तो कसा द्यावा आणि लेखाची भाषा स्पष्ट कशी करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक या तिघांनाही या कामात वाटा उचलता येण्यासारखा आहे.

एक चूक किती दूर जाते

प्रथम हे काम महत्त्वाचे का, ते पाहू. समजा, एका गावाविषयीच्या लेखात कोणीतरी लिहिले की येथील देऊळ आठशे वर्षांपूर्वीचे आहे. आधार काही दिला नाही. शिक्षकांनी मुलांना गावाची माहिती लिहून आणावयास सांगितली. वर्गातील तीस मुलांच्या वह्यांत आठशे वर्षे उतरली. पंचायतीने देवळाजवळ फलक लावला. फलकावर आठशे वर्षे आली. जत्रेच्या निमित्ताने वार्ताहराने फलक वाचला. वर्तमानपत्रात आठशे वर्षे छापून आली. पुढे एका सद्भावी संपादकाच्या लक्षात आले की लेखातील विधानाला आधार नाही. त्याने शोध घेतला आणि ती बातमीच आधार म्हणून लेखाला जोडली. आता विधानाला संदर्भ आहे, परंतु तो संदर्भ म्हणजे त्याच विधानाचा प्रतिध्वनी आहे.

हे केवळ कल्पनेतले उदाहरण नाही. दक्षिण व मध्य अमेरिकेत आढळणाऱ्या कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गमतीने भर घातली की या प्राण्याला ब्राझिलियन आर्डव्हार्क असेही म्हणतात. आर्डव्हार्क हा आफ्रिकेतील निराळाच प्राणी होय. तेव्हा या नावाला काहीही आधार नव्हता. तरीही पुढील काही वर्षांत ते नाव वर्तमानपत्रांत व पुस्तकांत उतरले आणि तेच लेख पुरावा म्हणून पुढे करण्यात येऊ लागले. २०१४ मध्ये हा प्रकार उघडकीस आला. इंग्रजीत वाचकांची संख्या मोठी आणि साधनेही पुष्कळ. तेथे ही अवस्था, तर मराठीत एखाद्या खेड्याविषयी जेथे एकच लेख उपलब्ध असतो, तेथे चूक पकडली जाण्याची शक्यता किती थोडी, याचा विचार करावा. आपल्या भागाविषयी लिहिलेली चुकीची ओळ दुरुस्त करणारा माणूस बहुधा आपल्याच भागात राहणारा असतो. त्याने ती केली नाही तर ती होत नाही.

पडताळणीचा नियम

विकिपीडियाचे मजकुराविषयीचे मुख्य नियम तीन आहेत. पहिला, लेखन तटस्थ असावे. म्हणजे वादाच्या विषयात कोणत्याही एका पक्षाची वकिली करू नये. दुसरा, प्रत्येक महत्त्वाचे विधान पडताळून पाहता येण्यासारखे असावे. तिसरा, लेखकाने स्वतःचे नवे संशोधन तेथे प्रथमच मांडू नये. अगोदर अन्यत्र प्रसिद्ध झालेली माहितीच संकलित करावी.

दुसऱ्या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. ‘मला हे माहीत आहे’ एवढ्याने भागत नाही. वाचकाला आपली ओळख नसते आणि आपण खरे बोलतो की खोटे, हे जाणण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते. म्हणून त्याला असा पत्ता द्यावयाचा की त्या पत्त्यावर जाऊन त्याला स्वतः खात्री करून घेता येईल. संदर्भ म्हणजे हा पत्ता. पत्रावर नुसते ‘गोवा’ लिहिले तर पत्र पोचत नाही. घर, वाडा, गाव, तालुका सारे लागते. त्याचप्रमाणे ‘एका जुन्या ग्रंथात म्हटले आहे’ हा संदर्भ नव्हे. ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठांक इतके दिले म्हणजे पत्ता पुरा होतो. यांतील पृष्ठांक बहुधा गाळला जातो आणि नेमका तोच वाचकाला सर्वाधिक हवा असतो. चारशे पानांच्या ग्रंथात एक वाक्य शोधावयास लावणे म्हणजे न शोधण्यास सांगण्यासारखेच आहे.

एका परिच्छेदाची तपासणी

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गोव्यातील मुद्रणाच्या प्रारंभाविषयी पुढील प्रकारचा मजकूर भाषणांत, स्मरणिकांत व विद्यार्थ्यांच्या निबंधांत वारंवार आढळतो:

‘आशिया खंडातील पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला. पोर्तुगीजांनी तो गोव्यात ज्ञानप्रसारासाठी मुद्दाम आणला. त्यावर छापलेले पहिले पुस्तक फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण होय, असे म्हणतात. हा छापखाना अत्यंत सुप्रसिद्ध होता.’

चार वाक्ये आहेत. ऐकावयास ती चांगली वाटतात, अभिमानही वाटतो. आता एकेक वाक्य तपासू.

पहिले वाक्य असत्य आहे. चीनमध्ये लाकडी ठशांवरून छापलेला आणि इसवी सन ८६८ ही तारीख असलेला ‘वज्रसूत्र’ हा बौद्ध ग्रंथ आजही उपलब्ध आहे. अकराव्या शतकात तेथे सुटे ठसे वापरण्याची युक्ती निघाली होती. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेला ‘जिकजी’ हा ग्रंथही टिकून आहे. चीन व कोरिया आशियातच आहेत. तेव्हा गोव्याचा मान ‘भारतातील पहिला छापखाना’ हा होय आणि तो काही लहान नाही. अधिक मोठा शब्द वापरून आपण खरा मान संशयास्पद करून ठेवतो.

दुसरे वाक्यही टिकत नाही. सप्टेंबर १५५६ मध्ये जो छापखाना जहाजातून गोव्यात उतरला, तो मुळात अबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, निघालेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांबरोबर पाठविला होता. तो पुढे गेला नाही. गोव्यातच राहिला आणि सेंट पॉल कॉलेजात उभा राहिला. त्याबरोबर आलेला मुद्रक ज्वांव द बुस्तामांत हा स्पॅनिश होता. म्हणजे भारतात मुद्रण आले ते एका अर्थी योगायोगाने. ‘मुद्दाम आणला’ या दोन शब्दांनी इतिहासातील ही लक्षणीय गोष्ट पुसून टाकली.

तिसऱ्या वाक्यात दोन दोष आहेत. एक वस्तुस्थितीचा. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. छापखाना येऊन तोपर्यंत साठ वर्षे झाली होती. मधल्या काळात गोव्यात अनेक पुस्तके निघाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. दुसरा दोष ‘असे म्हणतात’ या शब्दांचा. कोण म्हणते? केव्हा म्हटले? या प्रश्नांना उत्तर नसेल तर हे शब्द केवळ आड लपण्याची जागा होत. लेखकाला जबाबदारी नको असते आणि विधान मात्र हवे असते, तेव्हा हे शब्द येतात.

चौथे वाक्य काहीच सांगत नाही. ‘सुप्रसिद्ध’, ‘अतिशय सुंदर’, ‘अद्वितीय’ ही विशेषणे सत्काराच्या भाषणात शोभतात. ज्ञानकोशात प्रसिद्धी सांगावयाची नसते. जिच्यामुळे प्रसिद्धी झाली ती घटना सांगावयाची असते.

आता तोच परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. तो अबिसिनियाकडे नेण्यासाठी पाठविण्यात आला होता. तथापि तो गोव्यातच राहिला व सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण रोमन लिपीत १६१६ मध्ये रायतूर येथे छापण्यात आले.’

वाक्ये पाचच आहेत, परंतु प्रत्येकात वर्ष, स्थळ किंवा व्यक्ती यांपैकी काहीतरी तपासता येण्याजोगे आहे. या प्रत्येक वाक्यापुढे आता संदर्भ जोडता येतो. मूळचे गोव्यातील प्रियोळचे असलेले संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी या विषयावर ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. लेख सुधारणाऱ्याने तो ग्रंथ स्वतः उघडावा, संबंधित पान वाचावे आणि मगच पृष्ठांकासह संदर्भ द्यावा. दुसऱ्या कोणी दिलेला संदर्भ न वाचता उचलून लावणे म्हणजे न पाहिलेल्या जमिनीच्या दाखल्यावर सही करणे होय.

‘पहिला’ हा शब्द आला की नेहमी थांबावे. कशातील पहिला, कोठे पहिला, हे प्रश्न विचारावेत. भारतातील पहिला छापखाना गोव्याचा. परंतु भारतीय लिपीतील मुद्रणाचा प्रश्न आला की १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ लिपीत छापलेल्या पुस्तकाचे नाव घ्यावे लागते. दोन्ही विधाने खरी आहेत. शब्द सैल ठेवले की ती एकमेकांविरुद्ध उभी राहतात आणि व्यर्थ वाद माजतो.

साधने कोणती घ्यावीत

साधनांचे ढोबळमानाने तीन स्तर मानतात. मूळ कागदपत्रे, शिलालेख, दानपत्रे, पत्रव्यवहार, जनगणनेची कोष्टके ही प्राथमिक साधने. त्यांच्या अभ्यासावरून लिहिलेले संशोधनग्रंथ व लेख ही दुय्यम साधने. अशा ग्रंथांवरून तयार केलेले कोश, पाठ्यपुस्तके व सारसंग्रह हा तिसरा स्तर. ज्ञानकोशाच्या लेखासाठी दुय्यम साधने सर्वांत उपयुक्त होत, कारण त्यांत तज्ज्ञाने प्राथमिक साधनांची पारख केलेली असते. प्राथमिक साधन वापरावयाचे तर त्यात जेवढे स्पष्ट लिहिले आहे तेवढेच सांगावे. त्यावरून स्वतः निष्कर्ष काढू नये.

गोव्यापुरते बोलावयाचे तर साधनांची उणीव नाही. पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा सांगते. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा प्रारंभ १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या हस्ते झाला. तेथे पोर्तुगीज दप्तराबरोबर मोडी लिपीतील कागदही आहेत. गोवा, दमण व दीव या तत्कालीन संघ प्रदेशाचे गॅझेटियर वि. त्र्यं. गुणे यांच्या संपादकत्वाखाली १९७९ मध्ये निघाले. शासकीय अधिसूचनांसाठी राजपत्र आहे, लोकसंख्येसाठी जनगणनेचे अहवाल आहेत. मराठी विश्वकोश आता संगणकावरही वाचता येतो.

वर्तमानपत्राची बातमी कालच्या घटनेसाठी चांगला आधार असते; चारशे वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी नव्हे. हॉटेलांच्या व प्रवासी संस्थांच्या जाहिराती, समाजमाध्यमांतील फिरते संदेश, वैयक्तिक मतांची टिपणे आणि विकिपीडियाचाच दुसरा लेख, मग तो इंग्रजीतील असो, आधार म्हणून वापरू नयेत. इंग्रजी लेखाचे भाषांतर करावयास प्रत्यवाय नाही, परंतु त्यातील संदर्भ स्वतः तपासून घ्यावेत.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली आहेत. प्रश्न विचारताच ती सफाईदार परिच्छेद लिहून देतात आणि मागितल्यास संदर्भही देतात. येथे विशेष सावधगिरी हवी. ही यंत्रे पुष्कळदा अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव, खऱ्या लेखकाच्या नावावर, पृष्ठांकासह देतात. असा संदर्भ दिसावयास निर्दोष असतो आणि म्हणूनच तो संदर्भ नसण्यापेक्षा अधिक घातक ठरतो. जो ग्रंथ आपण डोळ्यांनी पाहिला नाही त्याचा संदर्भ देऊ नये, हा एक नियम पाळला तर या धोक्यातून सुटका होते.

संदर्भ जोडण्याची कृती

कृती अवघड नाही. लेखाच्या वरच्या बाजूस संपादनाचा दुवा असतो. तो उघडून ज्या विधानाला आधार द्यावयाचा त्याच्या शेवटी, विरामचिन्हानंतर, संदर्भाची सोय वापरून ग्रंथाचा तपशील भरावा. लेख जतन झाला की त्या ठिकाणी लहान अंक उमटतो आणि पूर्ण तपशील लेखाच्या अखेरीस ‘संदर्भ’ या मथळ्याखाली आपोआप येतो. एकच ग्रंथ अनेकदा वापरावयाचा असेल तर त्या संदर्भाला नाव देऊन तो पुन्हा वापरता येतो.

संदर्भ त्याच विधानाशेजारी हवा. परिच्छेदात पाच विधाने तीन निरनिराळ्या ग्रंथांतून घेतली असतील आणि शेवटी एकच अंक दिला असेल, तर कोणते विधान कोठून आले हे वाचकाला कळत नाही. उलट प्रत्येक शब्दावर अंक चढविल्याने वाचन अवघड होते. संख्या, तारखा, अवतरणे, वादग्रस्त मते आणि हयात व्यक्तींविषयीची विधाने यांना आधार अवश्य द्यावा. सूर्य पूर्वेस उगवतो यास संदर्भ लागत नाही.

संकेतस्थळाचा आधार घेतल्यास पानाचे शीर्षक, प्रकाशित करणारी संस्था, प्रकाशनाची तारीख आणि आपण ते पाहिल्याची तारीख लिहावी. संकेतस्थळे बंद पडतात किंवा त्यांचे पत्ते बदलतात. यासाठी इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात त्या पानाची प्रत साठवून तिचाही दुवा द्यावा.

आधार नसलेले विधान दिसताच ते पुसून टाकण्याची घाई करू नये. प्रथम शोध घ्यावा. न मिळाल्यास तेथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावण्याची सोय आहे. ती पाहून दुसरा कोणी आधार देऊ शकेल. मात्र हयात व्यक्तीची बदनामी करणारे निराधार विधान तत्काळ काढून टाकावे. प्रत्येक बदलाचे कारण थोडक्यात नोंदवावे. लेखाचा इतिहास जतन होत असल्याने चूक झाली तरी पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. तेव्हा नवख्याने भिण्याचे कारण नाही.

भाषेची स्पष्टता

संदर्भ अचूक असूनही लेख दुर्बोध असू शकतो. लेखाच्या पहिल्या वाक्यातच विषय कोणता, तो कोठला व त्याचे महत्त्व काय, हे कळावे. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘हे ठिकाण त्याच्या चर्चेससाठी ओळखले जाते जी जागतिक वारसा म्हणून घोषित केली गेली आहेत’ अशी वाक्ये येतात. शब्द मराठी, परंतु बांधणी परकी. त्याऐवजी ‘जुने गोवे येथील चर्च व मठ यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत १९८६ मध्ये समावेश झाला’ असे लिहिले की वाचक अडखळत नाही. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. ‘तो’, ‘ती’, ‘त्यांनी’ ही सर्वनामे कोणाला उद्देशून आहेत याविषयी शंका राहू देऊ नये.

काळ सांगताना ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘काही वर्षांपूर्वी’ हे शब्द शक्यतो टाळावेत. लेख दहा वर्षांनी वाचला जाईल तेव्हा ‘सध्या’ म्हणजे केव्हा? ‘गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आहे’ असे न लिहिता ‘२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती’ असे लिहावे. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही. म्हणून तर वर्षाचा उल्लेख अधिकच आवश्यक ठरतो.

स्थळनामांची काळजी आपल्या प्रदेशात विशेष घ्यावी लागते. रायतूर आणि राशोल ही एकाच गावाची नावे आहेत, हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसते. प्रथम उल्लेखाच्या वेळी दोन्ही नावे द्यावीत व पुढे एकच वापरावे. हीच गोष्ट बेळगाव व बेळगावी, बडोदे व वडोदरा यांची. जुन्या मराठी कागदांतील शके इसवी सनात बदलताना सामान्यतः ७८ मिळवितात. परंतु जानेवारी ते वर्षप्रतिपदेपूर्वीच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. एका वर्षाची चूक येथेच शिरते.

काय टाळावे

संदर्भ दिला म्हणजे उतारा जसाच्या तसा उचलण्याची मुभा मिळते, हा गैरसमज आहे. भारतीय कायद्यानुसार ग्रंथावरील स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. माहिती घ्यावी, शब्द आपले वापरावेत.

आपल्याविषयी, आपल्या संस्थेविषयी किंवा आपल्या कार्यालयाविषयी स्वतः लेख लिहू नये. अधिकाऱ्याने आपल्या खात्याच्या लेखात चूक पाहिली तर लेखाच्या चर्चापानावर अधिकृत कागदाच्या उल्लेखासह ती नोंदवावी आणि दुरुस्ती इतरांनी करावी, हे उचित होय. सरपंचाने स्वतःच्या कारकिर्दीची स्तुती लिहिणे जितके अनुचित, तितकेच विरोधकाने निंदा लिहिणेही.

मौखिक परंपरेचा प्रश्न नाजूक आहे. गावातील वृद्ध जे सांगतात त्यात मोलाचा इतिहास असतो, आणि तो कोठेच छापलेला नसतो. तो थेट ज्ञानकोशात घालता येत नाही, कारण वाचकाला पडताळणीचा मार्ग नसतो. परंतु म्हणून तो वाया जाऊ द्यावयाचा नाही. तो अगोदर नोंदवावा: सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, वय, ठिकाण व दिनांक यांसह. शक्य तर जाणत्या अभ्यासकाकडून तपासून तो नियतकालिकात किंवा ग्रंथात प्रसिद्ध करावा. त्यानंतर ‘स्थानिक आख्यायिकेनुसार’ असे स्पष्ट म्हणून त्याचा उल्लेख करता येतो. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून सांगितली तर ती खोटी ठरत नाही. इतिहास म्हणून सांगितली की ती वादात सापडते.

कोणी काय करावे

शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ज्ञानकोशातील लेखावरून निबंध उतरविण्यास न सांगता, आपल्या तालुक्याविषयीच्या एका लेखातील निराधार विधाने शोधावयास सांगावे. प्रत्येकाने एका विधानाचा आधार वाचनालयात जाऊन शोधावा. यातून ग्रंथ कसा पाहावा, सूची कशी वाचावी, दोन ग्रंथांत मतभेद असल्यास काय करावे, याचे शिक्षण आपोआप होते.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आपल्या कार्यालयाचे अहवाल व अधिसूचना दिनांक आणि क्रमांकासह संकेतस्थळावर ठेवाव्यात व त्यांचे पत्ते वारंवार बदलू नयेत. फलक, पुस्तिका वा स्मरणिका छापण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वर्षाचा आधार धारिकेत नोंदवून ठेवावा. फलक एकदा रोवला की वीस वर्षे उभा राहतो.

ग्रामस्थांपाशी जे असते ते इतर कोणापाशीच नसते: गावाची प्रत्यक्ष ओळख. ओहोळाचे नाव, वाड्यांची संख्या, जत्रेची तिथी यांतील चूक त्यांच्याच ध्यानात येते. ज्यांना संगणक वापरता येत नाही त्यांनी ती चूक शाळेतील शिक्षकांना किंवा वाचनालयाच्या ग्रंथपालांना सांगावी. घरातील माळ्यावर जुनी स्मरणिका, दानपत्राची नक्कल किंवा देवस्थानचा छापील जमाखर्च असेल तर तो वाळवी लागण्यापूर्वी ग्रंथालयाला किंवा पुराभिलेखागाराला दाखवावा. उद्याच्या संदर्भाची सोय अशा कागदांतूनच व्हावयाची असते.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात नाही. हा ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे, भाविकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या नकलून ठेवला म्हणून. आणि त्यांवरूनच १९०७ मध्ये तो मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. नक्कल करणाऱ्यांची नावे फारशी कोणी सांगत नाही. ज्ञानकोशातील एका ओळीला खरा आधार जोडणाऱ्याचे नावही कोणी विचारणार नाही. तथापि त्या ओळीवर विसंबून लिहिणारा विद्यार्थी चुकणार नाही आणि गावचा फलक खोटे बोलणार नाही, एवढे या कामाचे फळ निश्चित आहे.